चांपानेरची जंगल-वाचन फेरी: दगड उत्तम, झाडं कच्ची

बडोद्याहून साधारण पन्नास किलोमीटरवरच्या चांपानेरला अर्ध्या दिवसाची ही फेरी जाते. पावागडच्या पायथ्याचं रान बघून तिथं आधी काय होतं ते ओळखायचं, हा तिचा विषय. जागा याहून चांगली मिळणार नाही. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये गड घेतला, खाली राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनने शहर जिंकलं आणि पुढे वस्ती उठून रान माजलं.

दगडांचा भाग फार छान शिकवतात. शेताचा बांध उताराला आडवा, एका पातळीत जातो. दगड ओबडधोबड, सुटे, आणि वरच्या अंगाला वाहून आलेली माती साठलेली. घराचं जोतं उताराकडे न बघता काटकोनात वळतं, दगड घडीव असतात आणि सांध्यात चुना दिसतो. एवढं कळलं की पाचोळ्याखालची गल्लीसुद्धा डोळ्यांना दिसायला लागते.

झाडांपाशी मात्र गडबड आहे. जोत्यावरची सीताफळं म्हणजे सुलतानी बागेचे वंशज, असं सांगितलं जातं. सीताफळ मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेलं. १५३५ पूर्वीच्या बागेचा पुरावा म्हणून ते चालणार नाही. गुरं त्याचा पाला खात नाहीत आणि दगडांच्या ढिगात ते सहज रुजतं, म्हणून ते पडक्या जागी माजतं. त्यावरून चराई कळते, काळ नाही.

दुसरी चूक घेराची. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप लावून सागाचं वय सांगतात. मुरमाड उतारावर आणि ओढ्याकाठी एकाच वयाच्या सागांचे घेर पार वेगळे निघतात. त्यापेक्षा बुंधा बघायला शिकवा. एकाच वर्तुळात चार-पाच खोडं, मध्ये कुजून झालेला खळगा, त्यात काळी माती: तिथं जुना साग तोडला होता आणि ही खोडं त्याच्या खुंटाचे धुमारे आहेत. गर्दीत मधेच एखादी खिरणी (इथली रायण) खालपासून आडव्या फांद्या पसरून उभी असेल, तर ती वाढली तेव्हा भोवती मोकळं रान किंवा शेत होतं. दाटीत वाढलेलं झाड खालच्या फांद्या टाकून देतं.

एक गोष्ट ताबडतोब थांबायला हवी. खापराचे तुकडे हातोहात फिरतात आणि भलतीकडे टाकले जातात. हे २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तुकडा नेमका कुठं पडला होता, हाच तर पुरावा. फोटो काढा, उचलू नका.

जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. साग निष्पर्ण असतो, गवत बसलेलं असतं, जमिनीचा उंचसखलपणा उघडा पडतो. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर कमरेएवढ्या गवतात जोतं पायाला लागेल, डोळ्यांना नाही. सकाळी लवकरची तुकडी घ्या. तिरप्या उन्हात बुटक्या बांधाचीही सावली पडते, दुपारी तोच बांध सपाट दिसतो.