परभणीच्या हवेत ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’

सॅम्युअल गॉविथ या इंग्रजी कंपनीची ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’ ही पाइपची तंबाखू परभणीच्या बाजारात मिळत नाही. ती इकडे येते ती बहुधा परदेशाहून परतणाऱ्या एखाद्या भाच्याच्या किंवा जावयाच्या बॅगेतून. 2016 च्या बॅगेज नियमांनी प्रवाशाला 125 ग्रॅम तंबाखू करमुक्त आणण्याची मुभा दिली, आणि तिच्यात 50 ग्रॅमचे दोन डबे आरामात बसतात. एवढ्या लांबून आलेला जिन्नस वाया जाऊ नये, म्हणून हे परीक्षण चवीपेक्षा तयारीवर जास्त रेंगाळणार आहे. फ्लेक मोकळा कसा करावा, किती वाळवावा आणि पाइपमध्ये कसा भरावा याविषयीचा जो सल्ला सगळीकडे दिला जातो, तो ओलसर हवेच्या देशांत तयार झालेला आहे. मराठवाड्यात तो पावसाळ्यापुरता चालतो आणि होळीनंतर त्यातला बराचसा भाग उलटा करून वाचावा लागतो.

आधी वस्तूविषयी. शिरा काढलेली तंबाखूची पाने एकावर एक रचून उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने त्यांची घट्ट वडी करतात आणि मग त्या वडीचे पातळ काप काढतात. हा काप म्हणजे फ्लेक. गॉविथ घराण्याचे केंडल हे गाव इंग्लंडच्या वायव्येला, पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या सरोवरांच्या प्रदेशाच्या काठावर आहे, आणि तेथील तंबाखूच्या धंद्याची सुरुवात 1792 मध्ये तपकिरीपासून झाली. या डब्यात केवळ व्हर्जिनिया जातीची तंबाखू आहे. काप रुंद, गडद तपकिरी आणि थोडे ओबडधोबड असतात. मध्ये जाड, कडेला विरळ, काही ठिकाणी पानाचा पिवळसर पदर तसाच दिसणारा. झाकण उघडल्यावर प्रथम वाळलेल्या गवताचा आणि त्यामागोमाग शिजवलेल्या मनुकांसारखा वास येतो. वरून सुगंध मारलेल्या तंबाखूची ज्यांना सवय आहे त्यांना हा वास फिका वाटेल. मला तो प्रामाणिक वाटतो.

या घराण्याची तंबाखू डब्यातून निघते ती चांगलीच ओली, हे पाइप ओढणाऱ्यांना सर्वत्र ठाऊक आहे. वडी दाबताना आणि डब्यात टिकताना हा ओलावा उपयोगाचा असतो; पाइपमध्ये मात्र तोच आड येतो. ओली तंबाखू पेटत नाही, पेटली तर टिकत नाही, आणि ती पेटती ठेवण्यासाठी ओढणारा जोरजोरात झुरके घेऊ लागला की गरम वाफ जिभेवर येते. व्हर्जिनियात साखरेचे प्रमाण मुळातच जास्त असल्यामुळे जीभ पोळण्याची तक्रार याच तंबाखूबाबत अधिक ऐकू येते. शिवाय ती वाफ दांडीच्या सांध्यात थंड होऊन पाणी साचते आणि पाइप गुरगुरू लागतो. म्हणून वाळवणे हवेच. प्रश्न फक्त किती, एवढाच आहे.

इंग्रजी सल्ला असा की फ्लेक आधी मोकळा करावा, कागदावर पसरावा आणि तासभर, काही जण तर रात्रभर म्हणतात, तसाच ठेवावा. ऑगस्टमध्ये, झड लागलेली असताना, हा सल्ला परभणीत अगदी लागू पडतो. त्या दिवसांत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तेथे तंबाखू कशी वाळणार? पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की धुतलेले धोतर दोरीवर टाकून माणूस वळतो तोवर कडक होते. अशा हवेत मोकळी केलेली तंबाखू चहा होईपर्यंत कुरकुरीत होऊन बसते. कोरडी तंबाखू भराभर जळते, धूर तापट होतो, चव कागदासारखी लागते. म्हणजे जीभ वाचवण्यासाठी केलेले वाळवणच जीभ पोळते. उन्हाळ्यात म्हणूनच फ्लेक मोकळा न करता अखंड काप तसाच ताटलीत ठेवावा, मधून एकदा उलटावा, आणि घड्याळाकडे न बघता बोटांवर विश्वास ठेवावा.

बोटांची परीक्षा सोपी आहे. कापाचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून सोडावा. तो दाबलेलाच राहिला आणि बोटाला चिकटपणा जाणवला, तर अजून थांबावे. दाबताच कडा मोडून भुगा पडला, तर वेळ टळून गेलेली आहे. दाब काढल्यावर पदर सावकाश सुटू लागले आणि वाकवताना काप तुटण्याऐवजी नुसता चिरला, की तो उचलावा. ज्यांच्या घरी कूलर चालतो त्यांनी हे लक्षात घ्यावे की कूलरच्या खोलीतली हवा दमट असते. त्या खोलीतला काप आणि ओसरीवरचा काप यांच्यात भर मे महिन्यातही खूप अंतर पडते. मला या कामासाठी कूलरची खोली अधिक सोयीची वाटते, कारण तेथे वाळण्याचा वेग आटोक्यात राहतो.

आता भरण्याच्या रीती. मुख्य रीती तीन मानल्या जातात, पण त्या तिन्हींना सारखे महत्त्व देण्याचे मला कारण दिसत नाही.

पहिली घडीची. साधारण एक पूर्ण काप, पाइप मोठा असल्यास दीड, लांबीच्या दिशेने दुमडावा, मग आडवा दुमडावा, आणि त्या घडीला हलका पीळ द्यावा. पीळ देताना काप जागोजागी चिरतो आणि त्याच चिरांतून पुढे हवा खेळते. तेवढ्यासाठीच तो द्यायचा, दोर वळायचा नाही. तंतू उभे राहतील अशा बेताने ही घडी बाउलमध्ये, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या वाटीत, सरकवावी, कारण विस्तव तंतूंच्या दिशेने खाली उतरतो. घडी आडवी बसली तर वरचा थर जळून विझतो आणि खालचा तसाच राहतो. घडी तळापर्यंत ठोसू नये, खाली थोडी पोकळी असू द्यावी, कारण पेटल्यावर काप फुगतो आणि त्याला जागा लागते. घडी करताना ताटलीत पडलेला चुरा वरून भुरभुरावा; काडीचा जाळ तो आधी धरतो आणि मग घडीला देतो. काडी लावण्याआधी एक कोरडा झुरका घ्यावा. शहाळ्याचे पाणी नळीने ओढताना जेवढा अडसर जाणवतो तेवढा जाणवला, तर भरणे जमले. त्याहून घट्ट लागले तर टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने, वरून दाबून किंवा तार खुपसून काही साधत नाही. सरळ उपसावे आणि पुन्हा भरावे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही रीत सर्वांत चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे. नवशिक्यांना सहसा फ्लेक पूर्ण मोकळा करून भरण्याचा सल्ला दिला जातो आणि घडी ही मुरलेल्यांची रीत म्हणून बाजूला ठेवली जाते. पण घडीत पानाचा फारच थोडा भाग हवेला उघडा राहतो, त्यामुळे आतला ओलावा शेवटपर्यंत टिकतो आणि तंबाखू थंड, संथ जळते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात नवशिक्यानेही घडीपासूनच सुरुवात करावी. काडी एखाद-दोनदा जास्त लागेल, एवढाच काय तो तोटा.

दुसरी रीत काप मोकळा करण्याची, आणि ती पावसाळ्याची आहे. येथे एक स्थानिक अडचण सांगितली पाहिजे. चुना लावून तंबाखू मळण्याची सवय आपल्याकडच्या हातांना इतकी आहे की काप तळहातावर घेताच अंगठा आपोआप रगडू लागतो. मळताना पान बारीक व्हावे हाच हेतू असतो. पाइपसाठी ते बारीक होता कामा नये. काप दोन्ही तळहातांमध्ये धरून, जोर न लावता, नुसता फिरवावा, म्हणजे पदर आपापल्या जागी सुटतात आणि लांब धागे हाती येतात. मग ते कागदावर पसरून वाळवावेत आणि बाउलमध्ये तीन थरांत भरावेत: तळाशी सैल, मध्ये बेताचे, वर जरा दाबून. भुगा झाला असेल तर तो दांडीच्या छिद्रात जाऊन बसतो आणि पाइप गुदमरतो.

तिसऱ्या रीतीत कात्रीने कापाच्या पट्ट्या आणि पट्ट्यांचे बारीक चौकोन करून ते बाउलमध्ये ओतायचे, बाउलला बाहेरून बोटाने टिचकी मारायची, आणि दाबायचे नाही. जळण अतिशय संथ होते, पेटवणे मात्र जिकिरीचे. ज्यांच्याकडे वेळ आणि काडेपेट्या दोन्ही मुबलक आहेत त्यांनी करून पाहावे.

पेटवण्याविषयी थोडक्यात. काडीच्या टोकाचे गंधक जळून जाऊ द्यावे आणि मगच ती बाउलवर न्यावी. पहिल्या काडीने तंबाखूचा फक्त माथा करपतो आणि पृष्ठभाग वर उसळतो. तो टॅम्परच्या स्वतःच्या वजनाएवढ्याच दाबाने सपाट करून दुसरी काडी लावावी. खरे ओढणे येथून सुरू होते. निजामी मुलखात हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची चारमिनार सिगारेट ओढत पिढ्या वाढल्या, आणि गावाकडे चिलीमही जोरात दम मारूनच ओढली जाते. ती छातीतली सवय पाइपला मारक आहे. पाइपचा धूर तोंडातच ठेवून सोडायचा असतो, आणि बाउल गालाला लावल्यावर चटका बसत असेल तर पाइप खाली ठेवायचा असतो. पाइप विझला तर पुन्हा पेटवावा. फ्लेकच्या बाबतीत त्यात काही कमीपणा नाही. छताच्या पंख्याखाली मात्र बसू नये, कारण वरून येणारा वारा विस्तवाला फुंकर घालत राहतो आणि वर सांगितलेली सगळी मेहनत फुकट जाते.

इतके नीट झाले तर तंबाखू काय देते? सुरुवातीला गवताचा आणि भाजलेल्या पावाचा हलका गोडवा, मध्यावर फळांच्या पाकासारखी गडद चव, आणि शेवटच्या तिसऱ्या भागात मिरीसारखा किंचित तिखटपणा. घडीच्या रीतीत हे बदल सावकाश आणि स्पष्ट येतात. मोकळ्या तंबाखूत ते एकमेकांत मिसळतात. निकोटीन मध्यम वाटते, पण रिकाम्या पोटी ओढल्यास गरगरते. बाउल अरुंद आणि खोल असेल तर ही तंबाखू अधिक खुलते. रुंद बाउलमध्ये घडी सैल बसून मधोमध भोक पडल्यासारखी जळते आणि कडेची तंबाखू तशीच उरते.

धूर छातीत घेतला नाही म्हणून पाइप निरुपद्रवी ठरत नाही. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका पाइपमुळेही वाढतो, आणि ज्या प्रदेशात मुखकर्करोगाने घरेच्या घरे पोखरली आहेत तेथे तंबाखूच्या चवीविषयी लिहिताना हे लिहिणे भागच आहे. हे परीक्षण जे आधीपासून पाइप ओढतात त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी अद्याप सुरुवात केलेली नाही त्यांना हा डबा घ्या असे मी म्हणणार नाही.

राहता राहिली साठवण. न उघडलेल्या डब्यात व्हर्जिनिया वर्षानुवर्षे मुरते आणि तिचा उग्रपणा कमी होतो, म्हणून दुसऱ्या डब्याची घाई करू नये. पण पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर तो ठेवू नये. जुन्या मातीच्या भिंतीचे माजघर असेल तर तेथील कोनाडा उत्तम. उघडलेली तंबाखू रबरी कडीच्या काचेच्या बरणीत ठेवावी, आणि ती बरणी लोणच्याची नसावी, कारण हिंग-मेथीचा वास झाकणात मुरलेला असतो आणि तो तंबाखू लगेच उचलते. उन्हाळ्यात काप कडक झालेच तर बटाट्याची किंवा फळाची साल आत टाकण्याचा जो घरगुती उपाय सांगतात तो टाळावा, कारण तो बुरशीला आमंत्रण देतो. त्याऐवजी फुटलेल्या माठाची स्वच्छ खापरी पाण्यात भिजवून, पुसून, एका रात्रीपुरती बरणीत ठेवावी आणि सकाळी न विसरता काढून घ्यावी. मृग लागल्यावर ती खापरी बरणीत जाऊ देऊ नये. त्या दिवसांत कापावर पांढरी लव आणि बरणीत कुबट वास आढळला तर ती लव पुसून, काप उन्हात टाकून वापरण्याचा मोह होतो. तसे न करता बरणीतली सगळी तंबाखू टाकून द्यावी आणि बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी.