मुंबई–नागपूर विमानाने: काही महिन्यांच्या ये-जा नंतरचा अनुभव

नोकरी मुंबईत, आई-बाबा नागपुरात. बाबांच्या ऑपरेशनपासून विमानाने सारखी ये-जा चालू आहे. थोडक्यात सांगायचं तर जाण्याला पाचपैकी चार, येण्याला अडीच.

हवेतून सरळ रेघ मारली तर अंतर साधारण 680 किमी. रेल्वेने हेच 840 च्या घरात जातं, आणि नुसता समृद्धी महामार्गच 701 किमी आहे. तिकिटावर दीड ते पावणेदोन तास लिहिलेले असतात. पण चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत घड्याळ लावून बघा, बरेचदा तास-सव्वा तासातच नागपूर येतं. चहाची ट्रॉली मागच्या रांगेपर्यंत पोचते न पोचते तोच पट्टे बांधायची घोषणा. उरलेला वेळ विमानतळावरच्या रांगेसाठी कंपन्यांनी आधीच धरलेला असतो. म्हणून तर वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमानही 'वेळेवर' पोचतं!

वाऱ्याचाही थोडा हिशेब असतो. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना काही मिनिटं वाचतात. पावसाळ्यात ते उलटे, म्हणजे परतीला फायदा व्हायला हवा. पण तेव्हा मुंबईवर ढग ठाण मांडून बसलेले असतात, मग कसला फायदा?

खरं घोडं पेंड खातं ते परतीलाच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. संध्याकाळी गर्दी झाली की विमान वरच घिरट्या घालतं. खिडकीतून तेच धरण दुसऱ्यांदा दिसलं की मी बायकोसाठी मेसेज लिहून ठेवतो, 'जेवून घे, थांबू नकोस'. उतरल्यावर नेटवर्क आलं की तो जातो.

दादरच्या घरातून त्रिमूर्तीनगरच्या दारापर्यंत एकूण पाच तास धरा. मेट्रो 3 आता टी-1 आणि टी-2 दोन्हीकडे जाते, ही मोठी सोय. पहाटेच्या विमानाला मात्र तिचा उपयोग नाही. नागपुरात मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही. बॅगा असतील तर सरळ रिक्षा करा.

सध्या मी जाताना सकाळचं विमान पकडतो आणि येताना दुरांतो. रात्री आठनंतर नागपूर सोडते, सकाळी आठच्या आसपास सीएसएमटीला. तिथून थेट ऑफिस गाठता येतं. ताशी वेगाच्या हिशेबात विमान कितीही पुढे असो, दुरांतोचे तास झोपेत जातात आणि रविवारचं संध्याकाळचं जेवण आईच्या हातचं मिळतं.

दुरांतोचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीचं तिकीट त्याच सकाळी काढा. ते हुकलं की भाड्याच्या बाबतीत विमान कंपनी म्हणेल ती पूर्वदिशा.