तपकिरी मटण, बुळबुळीत चिकन, फोड असलेली कलेजी: काय ठेवावे, काय टाकावे

फ्रिजमधले मटण दुसऱ्या दिवशी तपकिरी दिसले की अनेक घरांत ते टाकून दिले जाते. आंबूस वासाचे चिकन मात्र मसाल्यात चालून जाईल म्हणून शिजवले जाते. यातला दुसरा निर्णय धोक्याचा आहे.

मटणाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. त्याला हवा लागली की तो लालभडक होतो आणि काही काळाने तपकिरी पडतो, त्यामुळे नुसत्या तपकिरीपणावरून मांस बिघडले असे ठरत नाही. मात्र त्यावर बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर आला असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर ते धुऊन, हळद लावून वापरू नये. काही जीवाणूंची विषे शिजवूनही टिकतात आणि आले-लसूण फक्त वास झाकते. उलट, वास नाही म्हणून मांस सुरक्षितच आहे असेही नाही. साल्मोनेला या जीवाणूने दूषित झालेले चिकन दिसायला आणि वासाला ताजे असू शकते, म्हणून ते बाहेर किती वेळ राहिले हे महत्त्वाचे: दोन तासांहून अधिक, आणि तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक वेळ राहिलेले कच्चे मांस टाकावे.

शिजलेल्या चिकनचा हाडालगतचा भाग लालसर दिसणे ही वेगळी गोष्ट आहे. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असल्याने हाडाच्या मज्जेतले रंगद्रव्य हाडातून झिरपते. तुकड्याचे आतले तापमान 74 अंश सेल्सिअस झाले असेल तर ते खाण्यास हरकत नाही.

कलेजीच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवावा. पित्ताची पिशवी फुटून पडलेला हिरवा डाग कडू लागतो, पण तेवढा भाग कापून उरलेली कलेजी वापरता येते. पाणी भरलेले, पांढरट जाड आवरणाचे फोड दिसले, तर ते बहुधा हायडॅटिड रोगाचे, म्हणजे एका टेपवर्मच्या (आतड्यात राहणाऱ्या चपट्या कृमीच्या) अळीचे कोष असतात. अशी कलेजी खाणाऱ्या माणसाला तिच्यातून थेट हा रोग होत नाही. ती कच्ची कुत्र्याने खाल्ली तर हा कृमी त्याच्या आतड्यात वाढतो आणि त्याच्या विष्ठेतली अंडी हातांवाटे किंवा भाजीपाल्यावाटे माणसाच्या पोटात जाऊन यकृतात वा फुप्फुसात तसेच फोड धरतात. म्हणून ती अख्खी टाकावी, पण दुकानाबाहेरच्या कुत्र्यांपुढे नव्हे. खाटकाला सांगून जाळून टाकायला लावावी किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी खोल पुरायला लावावी.