१२ व्होल्ट की २४? छोट्या होडीची ट्रोलिंग मोटर, बॅटरी आणि वायर

बारा-चौदा फुटी फायबरच्या होडीला ट्रोलिंग मोटर (होडी सावकाश चालवणारी छोटी विजेची मोटर) लावायची ठरली की पहिला प्रश्न व्होल्टचा येतो. माझं मत आधीच सांगतो. माणसं, सामान, बॅटरी सगळं धरून होडी ७००-८०० किलोच्या आत असेल तर १२ व्होल्ट घ्या आणि वाचलेले पैसे वायर आणि बॅटरीवर घाला.

मोटरवाल्यांचा सर्वसाधारण हिशेब असा की दर ४५ किलो वजनामागे निदान २ पौंड थ्रस्ट, म्हणजे होडी पुढे रेटणारा जोर, हवा. म्हणजे ८०० किलोला साधारण ३६ पौंड. १२ व्होल्टची ५५ पौंडी मोटर धरणाच्या पाण्यात हे आरामात करते, आणि खाडीत वारा उलटा फिरला तरी हाताशी थोडी ताकद उरते. होडी बाराशे किलोच्या पुढे जात असेल, किंवा जोराच्या ओहोटीत जिताड्यासाठी एकाच खडकापाशी होडी धरून ठेवायची असेल, तर मात्र २४ व्होल्टला पर्याय नाही.

२४ ची खरी बाजू वायरमध्ये आहे. ५५ पौंडी १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगाला सुमारे ५० अँपिअर ओढते; ७० पौंडी २४ व्होल्टची सुमारे ४२. ताकद जास्त, करंट कमी. आता मोटर होडीच्या तोंडाला आणि बॅटरी मागे असेल तर वायर एका बाजूने ५ मीटर, जाऊन-येऊन १० मीटर होते. तिथे ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकलीत तर १२ व्होल्टमधले जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच संपतात आणि सत्तर वॉटच्या वर उष्णता वायरीतून निघते. मोटर मंद वाटते, लोक बॅटरीला शिव्या देतात. तीच वायर १६ स्क्वेअर एमएम केली की घट अर्ध्या व्होल्टवर येते. २४ व्होल्टच्या मोटरला तेवढ्याच अंतरावर १० स्क्वेअर एमएम पुरते; घट पाऊण व्होल्ट, पण ती २४ मधून, म्हणजे फक्त ३ टक्के. मोटर मागच्या फळीला लावून बॅटरी तिथेच मीटरभरावर ठेवणार असाल तर हा फायदा राहतच नाही.

२४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडाव्या लागतात, आणि इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. १०० अँपिअर-अवरच्या (किती करंट किती तास मिळेल याचं माप) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तरी अँपिअर-अवर १००च राहतात, दुप्पट होतो तो व्होल्ट. त्याच दोन पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून १२ व्होल्टवर चालवल्या तरी एकूण साठा तेवढाच. फरक असा की १२ व्होल्टवर छोट्या फेरीला एक बॅटरी घरी ठेवता येते, आणि एक बिघडली तर ती काढून दुसरीवर परत येता येतं. सिरीजमध्ये एक गेली की मोटर बंद. शिवाय दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या हव्यात. फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) किंवा दिवा चालवायला त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. एक जास्त उतरते, दुसरी भरलेली राहते, आणि जोडी लवकर मरते. फिशफाइंडरला ७ अँपिअर-अवरची वेगळी छोटी बॅटरी दिली की मोटरमुळे स्क्रीनवर येणारा गोंधळही कमी होतो.

लेड-ॲसिड की लिथियम, यात मी फारसा तटस्थ नाही. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड सुमारे ३० किलोची असते. लिथियम आयर्न फॉस्फेट ११ ते १३ किलोची. लेड-ॲसिड टिकवायची तर निम्म्याखाली उतरवायची नाही. त्यात डब्यावर छापलेली क्षमता वीस तासांत सावकाश उतरवण्याची असते. ५० अँपिअरने ओढलं की हातात त्याहून बरीच कमी येते. पूर्ण वेगाला ती तासभर चालेल असंही धरू नका. लिथियम त्याच वेगाला दोन तासांच्या आसपास जाते आणि शेवटपर्यंत व्होल्ट टिकवते. मग अचानक तोडते, कारण आतला बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) बॅटरी वाचवायला पुरवठा बंद करतो. म्हणून वल्ही बरोबर हवीतच.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी हा बरेच जण करतात तो जुगाड. स्वस्त पडतो, आणि गाडीच्या स्टार्टिंग बॅटरीपेक्षा कधीही बरा, पण दीडशे अँपिअर-अवरची पन्नास किलोच्या पुढे जाते आणि हलत्या होडीत ॲसिड सांडतं. धरणावर कधीतरी जाणाऱ्याला ठीक आहे. लिथियम घेताना दोन गोष्टी विचारा: बीएमएस सलग किती अँपिअर देतो, आणि सिरीजमध्ये जोडायला परवानगी आहे का. चार्जर लिथियमचाच, १४.४ ते १४.६ व्होल्टचा.

वायरिंगचं सामान सोलरवाल्याच्या दुकानात मिळतं. सोलरची डीसी केबल बहुधा कथिल चढवलेल्या तांब्याची असते आणि खाऱ्या हवेत टिकते. वेल्डिंग केबल लवचीक असली तरी खाडीवर काळी पडत जाते. वायरीच्या टोकाला लग (बोल्टला बसणारं धातूचं टोक) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसाळ्यात दगा देतो. या दोन्ही मोटरींना ६० अँपिअरच्या आसपासचा डीसी ब्रेकर, बॅटरीच्या प्लसपासून सात इंचांच्या आत. घरातला एसी एमसीबी इथे चालत नाही, डीसीचा आर्क (तोडताना पेटणारी ठिणगी) त्याला विझवता येत नाही. सोलरचा डीसी एमसीबी घेतलात तर त्यावरच्या प्लस-मायनसच्या खुणा पाहा. बरेचसे एकाच दिशेने जोडायचे असतात.