पावसाळ्यातलं बाळंतपण: सुती लंगोट की डायपर?
बाळंतपण आषाढ-श्रावणात असेल तर हा निर्णय आठव्या महिन्यातच घ्यावा.

जुन्या सुती साडीचे लंगोट मऊ असतात, हवा खेळती राहते, आणि मुख्य म्हणजे बाळाने शू केली की लगेच कळतं. पाचव्या दिवसापासून 24 तासांत 6 किंवा जास्त वेळा शू होणं ही दूध पुरत असल्याची खूण. डायपरमध्ये ती मोजणं अवघड. पण कोकणातल्या पावसात पडवीतला कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो. तसाच बांधला की पुरळ उठते. म्हणून 35-40 लंगोट शिवून ठेवा. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, पंख्याखाली वाळवा, शेवटी इस्त्री फिरवा. चुलीवर वाळत घालू नका, धूर कापडात बसतो.

डायपर रात्री आणि दवाखान्याच्या प्रवासात सोयीचा. दर 3-4 तासांनी बदलावा, शी झाल्यास लगेच. नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीखाली दुमडावी. वाडीत कचरागाडी येत नसेल तर वापरलेले डायपर पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा खाडीत कदापि टाकू नका.

आम्ही दिवसा लंगोट, रात्री डायपर असं सुचवू. नवजात मापाचं एकच लहान पाकीट घ्या, बाळ ते माप लवकर ओलांडतं.