इटलीच्या सपाट मुलखात एक दिवस चालायचं तर कुठं: सीले, मिंचो की वेर्चेल्लीची भातखाचरं?

व्हेनिस-मिलानची सहल ठरली आहे, मधला एखादा दिवस मोकळा आहे, चालायची हौस आहे, पण सोबतच्या कुणाच्या तरी गुडघ्यांना चढ झेपत नाही, अशांसाठी हे लिहितेय. मी मिलानजवळ राहते. दर उन्हाळ्यात घरचं कुणी ना कुणी येतं आणि हा प्रश्न माझ्यापुढे येतोच. आल्प्सच्या पायथ्यापासून एड्रियाटिक समुद्रापर्यंत पो नदीचं खोरं पसरलंय. तिथं नदीकाठच्या आणि शेतातल्या वाटा पुष्कळ आहेत. त्यातल्या ज्या तीन मी पुन्हा पुन्हा चालले, त्यांच्याबद्दलच सांगते.

आधी एक गोष्ट. सपाट वाट म्हणजे सोपी वाट, असं समजू नका. इथं माणूस चढानं दमत नाही, उन्हानं दमतो. डोंगरात निदान कड्याची सावली असते. इथं दोन गावांच्या मध्ये पाच-सहा किलोमीटर नुसतं शेत, आणि जुलैत पारा सहज 35 अंशांवर. म्हणून वाट निवडताना मी किलोमीटर नंतर बघते. आधी बघते सावली किती आणि परतायला गाडी कुठून.

सीले : त्रेव्हिझो ते कासिएर

व्हेनिसहून साध्या लोकल गाडीनं अर्ध्या-पाऊण तासात त्रेव्हिझो येतं. स्टेशन आणि जुनं गाव यांच्या मधूनच सीले वाहते, त्यामुळे बस-टॅक्सीची भानगडच नाही. काठाकाठानं पूर्वेकडे निघालं की सहा-सात किलोमीटरवर कासिएर. वाट कधी मातीची, कधी बारीक खडीची, मध्ये लाकडी फळ्यांची. वाळुंज आणि पॉप्लरची सावली बऱ्यापैकी सलग मिळते.

ही नदी डोंगरातून येत नाही. वर आल्प्सच्या बाजूला पडलेलं पावसाचं-बर्फाचं पाणी खडीच्या थरांत मुरतं आणि खाली जिथं चिकणमाती लागते तिथं झऱ्यांनी वर येतं. वेदेलागोजवळच्या अशाच झऱ्यांतून सीले सुरू होते. म्हणून पाणी नितळ, आणि उन्हाळा-हिवाळा जवळपास तेवढंच गार. आतली पाणवनस्पती प्रवाहात अशी लांब पसरलेली दिसते, की कुणी ओले केस विंचरून सोडलेत असं वाटावं.

या वाटेला स्थानिक लोक ‘रेस्तेरा’ म्हणतात. पूर्वी धान्य, पीठ, लाकूड वाहणाऱ्या सपाट बुडाच्या नावा इथून व्हेनिसला जायच्या. येताना प्रवाहाच्या उलट त्यांना दोरानं ओढून आणायचे बैल आणि घोडे, ते याच काठानं. त्या दोराचं नाव ‘रेस्ता’. नावेला म्हणायचे ‘बुर्चो’, अनेकवचनी ‘बुर्ची’. पुढं सगळा माल ट्रकांवर गेला आणि 1970च्या दशकात नावाड्यांनी आपल्या बुर्ची कासिएरच्या अलीकडे एका आडवळणाला आणून सोडून दिल्या. त्या अजून तिथंच आहेत, अर्ध्या बुडालेल्या. फळ्यांच्या पुलावरून त्यांच्या अगदी अंगावरून जाता येतं. मागच्या खेपेला एका नावेच्या फासळ्या पाण्यावर आलेल्या, त्यांतून वाळुंजाचं कोवळं रोप वर आलेलं आणि त्याच्या बुडाशी बदक बसलेलं. माझे सासरे रेलिंगला धरून किती तरी वेळ तिथंच उभे होते. त्यांचं बालपण खाडीकाठचं, आणि मोडून पडलेली होडी त्यांना अनोळखी नव्हती.

कासिएरच्या धक्क्यावर बसून कॉफी प्यायची आणि बसनं त्रेव्हिझोला परत. एकच दिवस असेल, सोबत सत्तरीचं कुणी असेल, आणि मुक्काम व्हेनिसला असेल, तर फार विचार करू नका. हीच वाट घ्या. तक्रार एकच: रविवारी सायकलवाले फार.

थंडीत येणाऱ्यांनी त्रेव्हिझोच्या बाजारात लाल रादिक्किओ बघावा. कडू चवीची ही पालेभाजी थंडी पडल्यावर मुळासकट उपटतात आणि अंधाऱ्या शेडमध्ये याच झऱ्यांच्या वाहत्या पाण्यात मुळं बुडवून काही दिवस ठेवतात. आतून नवा कोंब येतो, पांढऱ्याशुभ्र शिरांचा, वर गडद लाल पान. नदी आणि शेत एकाच ताटात.

मिंचो : पेस्किएरा, बोर्गेत्तो, मांतोव्हा

गार्दा सरोवरातून पेस्किएराला मिंचो बाहेर पडते आणि मांतोव्हा शहराला तीन बाजूंनी वेढून पुढे पोला मिळते. पेस्किएरा ते मांतोव्हा सुमारे 45 किलोमीटरचा डांबरी सायकलमार्ग आहे. फोटोत सगळ्यात देखणी वाट हीच दिसते, पण पायी जाणाऱ्याला ती पूर्ण करायची गरज नाही. बोर्गेत्तोच्या पुढे ती बराच वेळ कालव्याच्या कडेनं सरळसोट जाते. सायकलवर मजा, पायी कंटाळा.

चालण्याजोगा तुकडा मोन्झाम्बानो ते बोर्गेत्तो, पाच-सहा किलोमीटर. बोर्गेत्तो म्हणजे पाणचक्क्यांची मूठभर वस्ती. वर 1393 मध्ये मिलानच्या राज्यकर्त्या व्हिस्कोन्ती घराण्यानं बांधलेला लांबलचक तटबंद पूल, खाली चक्क्यांच्या भिंतींना घासून जाणारं हिरवं पाणी. सुट्टीच्या दिवशी दुपारी इथं पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी दहाच्या आत पोचा. पेस्किएरा मिलान-व्हेनिस रेल्वेवरच आहे, पण पुढची ये-जा बसवर. माझी एकदा परतीची बस चुकली आणि रविवार असल्यानं पुढची फार उशिरा होती. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्येच येणार असाल तर बोर्गेत्तो सोडा आणि सरळ मांतोव्हाला जा. तिथं नदीचीच तीन सरोवरं केलेली आहेत, बाराव्या शतकात बांध घालून. वरच्या सरोवरात कमळं आहेत, आपलीच, आशियातली. शंभरेक वर्षांपूर्वी इथं लावली आणि मग ती आवरेनात इतकी पसरली. पाण्यापासून हातभर उंच गुलाबी फुलं आणि मागे इटलीतलं जुनं शहर, हे दृश्य मराठी डोळ्याला जरा चकवतंच. शहराबाहेर ग्रात्सिए गावात एक देऊळवजा चर्च आहे. त्याच्या छताला खरीखुरी मगर टांगलेली आहे. 15 ऑगस्टच्या जत्रेला त्याच्या आवारात रंगीत खडूंनी जमिनीवर देवाधर्माची चित्रं काढणारे कलाकार जमतात. रांगोळी काढणारा हात ज्या घरात आहे, त्या घरच्यांनी ही तारीख चुकवू नये.

जेवणाचं थोडक्यात: बोर्गेत्तोच्या तोर्तेल्लिनीत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात, मांस असतं. मांतोव्हाच्या तोर्तेल्लीत लाल भोपळा. रिसोत्तो (इथला मऊ भात) शाकाहारी दिसला तरी मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, म्हणून विचारूनच मागवा.

वेर्चेल्लीची भातखाचरं

मिलानहून तूरिनच्या गाडीनं साधारण तासाभरात वेर्चेल्ली. युरोपात सगळ्यात जास्त भात इटलीत पिकतो, आणि इटलीत या पट्ट्यात. इथून रोमला जाणारी जुनी यात्रेकरूंची वाट, व्हिया फ्रांचिजेना, सेझिया नदी ओलांडून बांधाबांधानं रोब्बिओला जाते. ते अंतर वीसेक किलोमीटर, पण निम्म्यावर पालेस्त्रोला थांबता येतं. तिथं स्टेशन आहे, गाड्या मात्र मोजक्या.

प्रामाणिकपणे सांगते, सोयीच्या हिशेबात ही वाट तिसरी. गावाबाहेर पडताना रहदारीचा पूल पार करावा लागतो, पुढं सावली नाही, हॉटेल नाही, आणि संध्याकाळचे डास असे की ओडोमॉस घरूनच आणावं. ज्यांना शेतीत रस नाही त्यांना इथं बघायला काय, असंच वाटेल.

पण ज्यांच्या घरी भात लावलेला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. एप्रिलअखेर खाचरांत पाणी सोडतात. हे पाणी येतं ते कालव्यांतून. त्यातला मोठा कालवा काव्हूर या इटालियन मुत्सद्द्याच्या नावाचा, 1863 ते 1866 या तीन वर्षांत खोदलेला, पोचं पाणी 80हून अधिक किलोमीटर पूर्वेला नेणारा. मे महिन्यात सगळा मुलूख चौकोनी आरशांचा होतो आणि हवा स्वच्छ असली तर त्यात आल्प्समधल्या मोंते रोझाची बर्फाची शिखरं उलटी दिसतात. बगळे, शराटी, बेडकांचा आवाज. 2022च्या दुष्काळात पोमध्येच पाणी नव्हतं, तेव्हा हे आरसे फार ठिकाणी कोरडे राहिले. कोरड्यात पेरून उशिरा पाणी सोडायची पद्धतही वाढतेय. म्हणून जायच्या आधी त्या आठवड्यात पाणी सोडलंय का, याची चौकशी करा.

माझी आई रोह्याकडची. तिला नेलं तेव्हा पहिला तास ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “अगं, बांध एवढे सरळ कसे? आणि लावणीला माणसं कुठायत?” माणसं नाहीत. लेझर लावून जमीन समतल करतात आणि ट्रॅक्टरनं पेरतात. पूर्वी होती. ‘मोंदिने’ म्हणायचे त्यांना: दूरदूरच्या गावांतून आगगाडीनं येऊन चाळीसेक दिवस गुडघाभर पाण्यात वाकून बेणणी आणि लावणी करणाऱ्या बायका. आठ तासांच्या दिवसासाठी 1906 मध्ये त्यांनी याच वेर्चेल्लीत संप केला. पुढं तणनाशकं आणि यंत्रं आली आणि ते कामच उरलं नाही. आईनं हे ऐकलं, चप्पल काढली, बांधावर बसून पाय पाण्यात सोडले आणि कंबरेला हात लावून म्हणाली, “चाळीस दिवस?”

मेच्या मधल्या आठवड्यांत येत असाल तर सकाळची पहिली गाडी धरा, टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि अकराच्या आत पालेस्त्रो गाठा. वाऱ्याआधीची वेळ साधली तर पाणी हलत नाही, आणि डोंगर पायाशी दिसतो.