हिंजवाला नी ब्रेस: काम चोख करतो, बॉक्सवरचा दावा मात्र सोडून द्या

एमसीएल ग्रेड २ होतं माझं, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलेलं, ऑर्थो म्हणाले ऑपरेशन नको, हा दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि त्यात हिंज म्हणजे बिजागरी असलेला ब्रेस लावा आणि फिजिओ करा. आता गुडघा ठीक आहे, ब्रेस कपाटात गेलाय, म्हणून निवांत लिहितोय.

बॉक्सवर छापलंय की लिगामेंट नैसर्गिकरीत्या बरं करतो. अहो, ब्रेस काय बरं करणार? एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर असतं, रक्तपुरवठा चांगला असतो, ते आपलं आपण भरून येतं, फक्त भरून येईपर्यंत गुडघा बाजूला वाकून ते ताणलं जायला नको. एवढं एक काम हा ब्रेस मस्त करतो. साधी कापडी नी कॅप घालून हे होत नाही, तिने गुडघा उबदार राहतो आणि जरा धीर येतो इतकंच.

घालायची पद्धत पुस्तिकेत धड दिलेली नाही. हिंजचा मध्य वाटीच्या मध्याच्या लेव्हलला आला पाहिजे, थोडा जरी खाली गेला तरी वाकताना ब्रेस वेगळीकडे वाकतो आणि गुडघा वेगळीकडे, मग आतल्या बाजूला घासून कातडी लाल होते. आधी गुडघ्याच्या लगेच खालचा पट्टा आवळा, पोटरीवर तोच ब्रेसला धरून ठेवतो. आणि तरीही दुपारपर्यंत घसरतोच, कारण दुखणाऱ्या पायाची मांडी तोवर बारीक झालेली असते!! त्यावर इलाज पट्टा आवळणं नाही, मांडीचे व्यायाम. पाय सरळ ठेवून मांडी घट्ट करायची, सोडायची, कंटाळवाणं आहे पण खरं काम त्यानेच झालं.

एसीएलवाले, म्हणजे गुडघ्याच्या मधोमधचं लिगामेंट फाटलेले, विचारतील म्हणून सांगतो, तुमचं गणित वेगळं. एसीएल सांध्याच्या आत असतं, तिथल्या द्रवात जखम भरायला लागणारी रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे तुटलेली टोकं सहसा जुळत नाहीत. पण म्हणून प्रत्येकाला ऑपरेशनच असंही नाही, स्वीडनमध्ये २०१० साली आलेल्या अभ्यासात १२१ जण होते, त्यातल्या ज्यांना आधी फक्त फिजिओ दिला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांनीही ऑपरेशन लागलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात तर गुडघा ९० अंशात चार आठवडे लॉक करून मग हळूहळू सोडत १२ आठवड्यांनी ब्रेस काढायचा असं करतात, २०२३ च्या रिपोर्टप्रमाणे ८० पैकी ७२ जणांच्या एमआरआयमध्ये तीन महिन्यांनी एसीएल जुळून येताना दिसलं. भारी वाटतं ना, पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि ११ जणांचं परत फाटलं. शिवाय पाय तसा अडकवून ठेवला की शिरेत गुठळी व्हायची भीती, म्हणून रक्त पातळ करायची औषधं देतात. त्यामुळे यूट्यूब बघून हा ब्रेस घरीच ९० वर लॉक करून बसू नका प्लीज.

बाकी वेल्क्रोला धागे आणि केस चिकटून त्याची पकड लवकर जाते, टूथब्रशने साफ केलं की परत धरतो. साइज सूज उतरल्यावरच मोजा, आणि दोन साइजच्या मधोमध असाल तर लहानच घ्या.